उधारीच्या वहीचा आवाज

'द फोर विंड्स' ही क्रिस्टिन हॅना यांची कादंबरी ऐकताना मी अडकले ती दुकानात. नायिका एल्सा मार्टिनेली १९३०च्या दशकातल्या दुष्काळात आपल्या दोन मुलांना घेऊन टेक्ससहून कॅलिफोर्नियात आलेली आहे. कापूस वेचणीला आलेल्या मजुरांसाठी मळेवाल्याने खोल्या बांधल्यात आणि त्यांच्याजवळच स्वतःचं दुकानही घातलंय. वेचणीचा हंगाम थोडे दिवस. खोलीचं भाडं आणि पोटाची भूक मात्र बारा महिने. दुकानात रोख मागत नाहीत, वहीत मांडून ठेवतात. मजुरी हातात पडेपर्यंत ती वहीत जमा झालेली असते.

छापील पुस्तकात असा भाग आला की माझी नजर घसरते. किमती, जिन्नस, बाकी असं सगळं ओलांडून मी पुढच्या संवादावर जाते. ऐकताना ती सोय नसते. जूलिया व्हेलन या वाचिकेने ही कादंबरी वाचली आहे. ती आकडा उच्चारते, क्षणभर थांबते, आणि त्या थांबण्यात एल्सा मनातल्या मनात बेरीज करते आहे हे कळतं. चेहरा दिसत नाही, वर्णन नाही, 'तिला काळजी वाटली' असं वाक्यही नाही. नुसती बेरीज. हातातली मेथी निवडायची थांबवून मी तो भाग मागे नेला आणि पुन्हा ऐकला.

मला तो थांबा ओळखीचा होता. माझी नोकरी बँकेतली, आणि तिच्यातला मोठा काळ सोनेतारणाच्या काउंटरवर गेला. जूनमध्ये पेरणी आणि शाळा एकदमच येतात, तेव्हा बाया येतात. रुमालात बांधलेल्या वाट्या, कानातले, कधी पोरीच्या लग्नासाठी करून ठेवलेली अंगठी. व्हॅल्युअर कसोटीवर घासून बघतो, वजन सांगतो, रक्कम सांगतो. आणि मग ती बाई थांबते. 'परिस्थिती फार वाईट आहे हो मॅडम' असं म्हणणाऱ्या मला फार कमी भेटल्या. बहुतेकींचा प्रश्न असतो, महिन्याला व्याज किती पडेल? मधे थोडे भरले तर चालतील का? दिवाळीपर्यंत सोडवलं नाही तर नोटीस घरी येते का, आणि ती कुणाच्या नावाने येते? शेवटचा प्रश्न हळू आवाजात असतो. घरात कुणाला सांगितलेलं आहे आणि कुणाला नाही, हे त्या प्रश्नातून समजतं.

म्हणून कठीण काळातल्या बायकांच्या ऐतिहासिक कादंबऱ्या ऐकताना माझा कान पैशाकडे असतो. वादळं, आगगाड्या, प्रेमप्रकरणं यांत लेखक हात सैल सोडतात. पैशाचं लिहिताना मात्र त्यांना त्या काळाशी प्रामाणिक राहावं लागतं, कारण आकडे तपासता येतात. बाई किती कमावते, ते कुणाच्या हातात जातं, उधार कोण देतं आणि कशाच्या बदल्यात, एवढं ज्या कादंबरीला नीट माहीत आहे तिच्यावर माझा विश्वास बसतो.

एल्साच्या मुलखाचा हिशेब फार उलटा होता. टेक्ससच्या उत्तर टोकाला पॅनहँडल नावाचा पट्टा आहे. ओक्लाहोमा, कॅन्सस, कोलोरॅडो, न्यू मेक्सिको यांचे लगतचे भाग धरले की 'डस्ट बाउल'चा, म्हणजे धुळीच्या वादळांनी उजाड झालेला, प्रदेश होतो. मुळात तिथे दाट गवत. पहिल्या महायुद्धात गव्हाचा भाव बुशेलला, म्हणजे तिकडच्या धान्याच्या एका मापाला, दोन डॉलरच्या वर गेला, सरकारनेही गहू लावा म्हणून हाकारे घातले, आणि शेतकऱ्यांनी हजारो वर्षांचं ते गवत ट्रॅक्टरने उलथून टाकलं. युद्धानंतर भाव उतरत गेले. १९२९मध्ये शेअर बाजार कोसळला, आणि १९३१-३२पर्यंत तोच गहू चाळीस सेंटच्याही खाली गेला. भाव पडले म्हणून शेतकऱ्यांनी जास्त जमीन नांगरली, की निदान जास्त पोती तरी विकता यावीत. मग पाऊस गेला. माती धरून ठेवायला गवत उरलं नव्हतं. १४ एप्रिल १९३५च्या रविवारी आलेल्या वादळात भर दुपारी अंधार झाला. त्याला आजही 'काळा रविवार' म्हणतात.

हे सगळं इतिहासाच्या पुस्तकात असतं. कादंबरी त्यात स्वयंपाकघर आणते. त्या भागातल्या बायका ताटं टेबलावर पालथी मांडत आणि वाढायच्या क्षणी सुलटी करत, नाहीतर अन्नाआधी ताटात धूळ. खिडक्यांना ओली चादर. ती संध्याकाळी पिळली की गढूळ पाणी. लहान मुलांच्या छातीत धूळ बसून न्यूमोनिया होई. सरकारने १९३४ साली दुष्काळी भागातली जनावरं विकत घ्यायला सुरुवात केली, डोक्यामागे साधारण १४ ते २० डॉलर देऊन. जी फार खंगलेली असत त्यांना तिथेच गोळी घालत. दावणीची गाय देऊन हातात पडलेल्या त्या पैशांतून कुणाचं देणं आधी द्यायचं, हा निर्णय कित्येक घरांत बाईच्या गळ्यात पडला असणार, कारण पुरुष एकतर काम शोधायला गेलेला किंवा खचलेला. एल्साचा नवरा तर एके रात्री निघूनच जातो. लेखिकेने त्याला खलनायक केलेलं नाही, हे मला आवडलं. तो जातो, आणि मागे राहिलेली सासू आणि सून एकमेकींना धरून घर चालवतात. सासूचं नाव रोझ. इटलीहून आलेली, कमी बोलणारी, कामाला वाघ असलेली बाई. या दोघींचं नातं कादंबरीतलं सर्वांत सुंदर नातं आहे. त्यापुढे नंतरची प्रेमकहाणी मला फिकी वाटली.

पण कादंबरीशी माझं एक भांडणही आहे. टेक्सस-ओक्लाहोमाहून आलेल्या या गोऱ्या स्थलांतरितांना कॅलिफोर्नियात 'ओकी' म्हणून हिणवत, पोलीस सीमेवर अडवत, ते खरंच आहे. पण त्यांच्या आधीपासून तो कापूस वेचत होते मेक्सिकन मजूर. १९३३च्या शरद ऋतूत सॅन वाकिन खोऱ्यात १८ हजारांच्या आसपास कापूस मजुरांनी संप केला, त्यांतले बहुसंख्य मेक्सिकन होते. मळेवाले शंभर पौंडाला, म्हणजे पंचेचाळीस किलो कापसाला, ६० सेंट द्यायला तयार होते. मजूर मागत होते एक डॉलर. गोळीबारात माणसं मेली आणि शेवटी ७५ सेंटवर मिटलं. त्या संपाच्या पुढाऱ्यांत कॅरोलिन डेकर नावाची विशीतली मुलगी होती. त्याच दशकात लाखो मेक्सिकन लोकांना, त्यांतल्या अमेरिकेतच जन्मलेल्यांनाही, मेक्सिकोत परत घालवलं गेलं. एल्साला वेचायला जागा मिळते ती काही अंशी यामुळे. कादंबरीत हा भाग कडेने जातो. कित्येक तास एका बाईच्या कानाशी राहिल्यावर तिच्या शेजारच्या रांगेत कोण होतं हे मला ऐकायचं होतं.

दक्षिणेकडच्या आणि शहरांतल्या काळ्या बायकांचं तर विचारूच नका. १९३५ साली न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात काळ्या बाया रस्त्याच्या कोपऱ्यावर उभ्या राहत, आणि घरमालकिणी येऊन तासावर घासाघीस करून त्यांना धुण्याभांड्याला नेत. एला बेकर आणि मार्व्हल कुक यांनी त्यावर त्याच वर्षी लेख लिहिला आणि त्या जागेला गुलामांचा बाजार म्हटलं. त्याच वर्षी अमेरिकेचा सामाजिक सुरक्षा कायदा झाला आणि त्यातून शेतमजूर आणि घरकामगार वगळले गेले. नाक्यावर उभ्या असलेल्या त्या बाईची कादंबरी मला अजून कानावर पडलेली नाही. पडली तर मी ती आधी ऐकेन.

बाईने बाईचं लिहिलेलं असूनही ते ऐकायला किती वाट बघावी लागते याचं एक उदाहरण मला विसरता येत नाही. सनोरा बॅब ही ओक्लाहोमाच्या त्याच मुलखात वाढलेली लेखिका. १९३८ साली ती कॅलिफोर्नियातल्या सरकारी छावण्यांत काम करत होती, विस्थापित कुटुंबांशी बोलत होती, रोज टिपणं काढत होती. तिची टिपणं जॉन स्टाइनबेक यांच्यापर्यंत पोचली. तिने स्वतःही कादंबरी लिहिली आणि एका मोठ्या प्रकाशनाला ती पसंत पडली होती. तेवढ्यात १९३९मध्ये स्टाइनबेक यांची 'द ग्रेप्स ऑफ रॅथ' आली, गाजली, आणि याच विषयावर दुसरं पुस्तक चालणार नाही म्हणून बॅबची कादंबरी बाजूला पडली. ती प्रसिद्ध झाली २००४ साली. तेव्हा बॅब ९७ वर्षांच्या होत्या आणि पुढच्याच वर्षी गेल्या. लाखो लोकांची फरफट झाली होती आणि त्या फरफटीसाठी बाजारात एकच पुस्तक पुरेसं मानलं गेलं.

या विषयावरच्या कादंबऱ्यांत मला सगळ्यांत जास्त आनंद दिला तो केंटकीच्या डोंगरातल्या पुस्तकवाल्या बायांनी. किम मिशेल रिचर्डसन यांची 'द बुक वूमन ऑफ ट्रबलसम क्रीक' त्यांच्यावर आहे. नायिका कसी मेरी कार्टर ही कोळसा खाणीतल्या कामगाराची मुलगी, जूनिया नावाच्या खेचरावर बसून डोंगरदऱ्यांत पुस्तकं पोचवते. तिची त्वचा निळी असते. ही कल्पना नाही, केंटकीत रक्तातल्या एका आनुवंशिक दोषामुळे निळसर दिसणारी माणसं खरोखर होती.

ती योजनाही खरी. अध्यक्ष रूझवेल्ट यांच्या काळातल्या सरकारी रोजगार कार्यक्रमात, म्हणजे डब्ल्यूपीएमध्ये, १९३५ ते १९४३ या वर्षांत पूर्व केंटकीत घोड्यावरची वाचनालयं चालली. सरकार फक्त पगार द्यायचं, महिन्याला २८ डॉलर. घोडा किंवा खेचर बाईचं स्वतःचं, नाहीतर भाड्याचं; दाणावैरण पगारातूनच. पुस्तकांसाठी सरकारकडून एक सेंट नाही. ती देणगीने आलेली, बहुतेक फाटकी. आठवड्याला शंभर ते एकशेवीस मैल, म्हणजे १६० ते १९० किलोमीटर, ओढ्याच्या पात्रातून, कारण बऱ्याच ठिकाणी ओढा हाच रस्ता. डब्ल्यूपीएचं काम साधारण घरटी एकालाच मिळे आणि तो 'कर्ता' धरला जाई. म्हणजे धडधाकट नवरा असलेल्या बाईला दार जवळजवळ बंद. या कामावर आलेल्या कितीतरी जणींचा तो पगार घरातला एकुलता एक पगार होता.

आणि मासिकं पार झिजली की या बाया ती टाकून देत नसत. त्यातल्या पाककृती, गोधडीचे नमुने, औषधोपचार कापून चिकटवह्या करत आणि त्या वह्या घरोघर फिरवत. एका दरीतल्या बाईने सांगितलेली पाककृती दुसऱ्या दरीत पोचायची. जिथे कुणालाच अक्षर येत नसे तिथे खेचरावरून उतरून, बसून, वाचून दाखवत. हे मी ऐकलं तेव्हा फार आनंद झाला. मोठ्याने वाचणाऱ्या बाईची गोष्ट मला एक बाई मोठ्याने वाचून दाखवत होती, आणि दिवसभराची कामं हातात असलेली मी ती ऐकत होते, अगदी त्या डोंगरातल्या घरांसारखी. ऐकण्याला वाचनापेक्षा कमी लेखणारी माणसं मला भेटतात. 'ऑडिओबुक म्हणजे काय वाचलं म्हणायचं का?' असं विचारतात. ज्यांना निवांत बसून पान उलटायला मिळालं नाही त्यांच्यापर्यंत साहित्य कायम कानानेच गेलं आहे. माझी आई आकाशवाणीचं 'वनिता मंडळ' लावून स्वयंपाक करायची. तिची आई जात्यावर बसून ओव्या म्हणायची आणि ऐकायची.

ओव्यांचं थोडं सविस्तर सांगते. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी सहकाऱ्यांबरोबर महाराष्ट्रातल्या गावोगावी फिरून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. त्यांतल्या पुष्कळशा आता 'पारी'च्या, म्हणजे 'पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया'च्या, संकेतस्थळावर मूळ आवाजात ऐकता येतात. विठ्ठल, सीता, भाऊ-बहीण हे विषय त्यांत आहेतच. पण दारिद्र्य आहे, बाबासाहेब आहेत, सासरचं काम आहे, बाईच्या जन्माबद्दलचा राग आहे. जात्याची घरघर मागे चालू असते आणि ओळ मधेच दमाने तुटते. तो दम कुठल्याच स्टुडिओत मिळत नाही.

तसंच काम चार्ल्स टॉड आणि रॉबर्ट सोंकिन या दोघांनी १९४० आणि १९४१च्या उन्हाळ्यात कॅलिफोर्नियात केलं. तबकडीवर आवाज कोरणारं जड यंत्र घेऊन ते विस्थापितांच्या सरकारी छावण्यांत गेले. त्यांनी गाणी घेतली, गप्पा घेतल्या, छावणीच्या पंचमंडळाच्या बैठकाही घेतल्या. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने तो संग्रह सगळ्यांना खुला केला आहे. कादंबरी संपल्यावर मी त्यातली काही ध्वनिमुद्रणं ऐकली. खरखर फार, उच्चार कळायला अवघड. व्यावसायिक वाचिका जिथे आवाज भरून आणते अशा ठिकाणी हे लोक अगदी सपाट बोलतात. घर सोडलं, गाडी बिघडली, इतके दिवस थांबलो, मग काम मिळालं. तेव्हापासून कादंबरीत आवाज फार थरथरला की माझा विश्वास थोडा कमी होतो.

तो सपाटपणा मी आधी ऐकला होता, आमच्या घरात.

माझ्या आत्याचं सासर बीड जिल्ह्यात आष्टीकडे. १९७०पासून लागोपाठ पाऊस हुकत गेला आणि बहात्तर साली सगळं बसलं. तेव्हा ती नवी नवरी नव्हती, पण पोरं लहान होती. आमच्या घरात 'बहात्तरचा दुष्काळ' हे शब्द कायम ऐकले, त्यामागची गोष्ट मात्र नाही. विचारलं की आत्या म्हणायची, "खडी फोडली, दुसरं काय. समद्यांनीच फोडली." तेवढ्यावर विषय संपायचा.

मग मी तिला एल्साची गोष्ट सांगितली. मराठीत, माझ्या पद्धतीने, चार-पाच दुपारी. ती शेंगा फोडत ऐकत होती. धुळीच्या वादळाला तिने मान हलवली. नवरा निघून गेला त्यावर काही बोलली नाही. गोळी घातलेल्या गुरांचं सांगितलं तेव्हा "आरारा" म्हणाली. आणि गोष्ट संपल्यावर तिने एकच विचारलं, "दुकानदाराचं फिटलं का तिचं?"

नाही फिटलं, मी म्हणाले.

"न्हाईच फिटत," आत्या म्हणाली, आणि बोलायला लागली.

आधी ब्रास. खडीचा ढीग ब्रासवर मोजायचा, म्हणजे शंभर घनफूट. मुकादम टेप लावायच्या आधी ढिगाचा माथा पायाने दाबायचा, की भरलेला ढीग खाली बसायचा, आणि दोन टोपली कमी भरायची. "आमी मग मधी मोठं दगड ठिवायला शिकलो. वरून खडी. बसतच नव्हता ढीग." हे सांगताना तिचा चेहरा खुलला होता. चौघी मिळून एक ढीग करायच्या, कारण एकीचं पोर रडलं, एकीला ताप आला तरी माप पुरं व्हायचं. पगार आठवड्याला म्हणायचे, येताना तो पुढच्या नाहीतर त्याच्याही पुढच्या आठवड्यात यायचा. तोवर गावातला दुकानदार. रोखीचा भाव एक, उधारीचा वेगळा. दंडातल्या चांदीच्या वाक्या तिने त्या वर्षी तालुक्याच्या सराफाला घातल्या. किती तोळे भरल्या ते तिला अजून पाठ आहे, आणि सराफाने डागासाठी किती तूट धरली तेही. "लई धरली. म्या म्हनलं, माज्या बापानं घेतली तवा न्हवता एवढा डाग." इतकी वर्षं मी लोकांचे दागिने तोलले आणि आत्याच्या दंडावर वाक्या का नाहीत हे कधी माझ्या मनात आलं नव्हतं.

कामावर पोरांना सुकडी मिळायची. तिच्यातली थोडी पदराला बांधून ती घरी म्हाताऱ्या सासूला आणायची. रेशनवर लाल मिलो मिळायची, अमेरिकेतून आलेली ज्वारी. भाकरी थापताना चिरायची, रंग विटेसारखा, लोक म्हणायचे हे तिकडं जनावरांना घालतात. ते खोटं नव्हतं, तिथे मिलो मुख्यतः गुरांसाठीच पिकवतात. आणि ती पिकवणाऱ्यांत टेक्सस आणि कॅन्सस ही राज्यं आघाडीवर, कारण कमी पावसात ज्वारी तग धरते. एल्साच्या मुलखात पिकणारं धान्य आत्याच्या तव्यावर आलं होतं. हे मी तिला सांगितलं. तिला त्याचं फारसं काही वाटलं नाही. मला मात्र ते अजून सुटत नाही. दोन दुष्काळ, मधे जवळजवळ चाळीस वर्षं आणि एक समुद्र, आणि या पोत्याने त्या दोघी एका ओळीत येतात.

सरकारी इतिहासात त्या वर्षांचे आकडे ठसठशीत आहेत. १९७३च्या मे महिन्यात महाराष्ट्रातल्या दुष्काळी कामांवर पन्नास लाखांच्या जवळपास माणसं होती. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून तासगावला १९६५ साली जो प्रयोग झाला, त्यातून रोजगार हमी योजना उभी राहिली. तिचा कायदा १९७७ साली झाला, २६ जानेवारी १९७९ला अमलात आला, आणि पुढे देशाच्या रोजगार हमी कायद्याला त्याच योजनेचा आधार मिळाला. अभिमानाची गोष्ट आहे. मी हे मनापासून म्हणते. त्याच सुमारास मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर आणि इतर जणी महागाईविरुद्ध लाटणी घेऊन रस्त्यावर आल्या, तेल-साखरेच्या भावासाठी मंत्र्यांना धारेवर धरलं. तोही इतिहास नीट लिहिला गेला आहे. पण पन्नास लाखांतली जी बाई मोठा दगड मधे ठेवून ढीग रचायला शिकली, तिचं कुठे लिहिलेलं मला सापडलं नाही. ते तिच्या तोंडात होतं आणि विचारणाऱ्याने योग्य ठिकाणी विचारलं नव्हतं. दुःखाचं विचारलं की आत्या गप्प व्हायची. हिशेबाचं निघालं तेव्हा तिला थांबवावं लागेना.

मराठीत आता ऐकायची पुस्तकं भरपूर झाली आहेत. स्टोरीटेल हे ऑडिओबुकांचं अ‍ॅप २०१७च्या अखेरीस भारतात आलं तेव्हा पहिल्या भाषांत मराठी होती. त्यानंतर शिवकाळ, पेशवाई, पानिपत, संतचरित्रं असं कितीतरी मी ऐकलं. ऐतिहासिक कादंबरी म्हटलं की आपल्याकडे गड, स्वारी, दरबार. त्यांतल्या राण्यांवरही चांगलं लिहिलं गेलंय. खडी फोडणाऱ्या बाईची ऐतिहासिक कादंबरी मात्र मला हवी आहे, आणि 'ऐतिहासिक' हा शब्द तिच्यासाठी मोठा वाटू नये. बहात्तर आता पन्नास वर्षांहून जुनं झालं. ज्या बायका तेव्हा पंचवीस-तीसच्या होत्या त्या आज ऐंशीच्या आसपास आहेत.

तसंच गिरणगाव. १८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला, अडीच लाख कामगार बाहेर पडले, दत्ता सामंतांवर आणि गिरणीमालकांवर हजारो पानं लिहिली गेली. त्या कामगारांना जेवू घालणाऱ्या खानावळवाल्या बायांचं काय झालं? त्यांचा धंदाच उधारीवर होता. महिनाभर डबा द्यायचा, पगाराच्या दिवशी पैसे घ्यायचे, आणि तोवर वाण्याकडून चढ्या व्याजाने किराणा उचलायचा. प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं आणि या बायांना राष्ट्रीयीकृत बँकेचं कर्ज मिळवून दिलं, म्हणजे सावकाराची गाठ सुटली. ज्या बँकेच्या दारात तारण म्हणून ठेवायला यांच्याकडे काही नव्हतं, तिथे एकीला दुसरी जामीन राहिली. माझ्या धंद्यातली ही गोष्ट, म्हणून मला तिचं जास्त कौतुक. मग सात वर्षांनी संप आला आणि पगाराचा दिवसच उगवेना. डबा बंद करायचा की चालू ठेवायचा? गावाकडून आलेला, वर्षानुवर्षं आपल्या हातचं जेवलेला माणूस दारात उभा आहे, त्याच्याकडे पैसे नाहीत, आणि आपल्या नावावर बँकेचा हप्ता आहे. एवढ्या एका प्रश्नावर तीनशे पानं उभी राहतील.

लिहिणाऱ्याने त्या बायांना पुतळा करू नये. एल्सा शेवटी वीरांगना होते, आणि मला ती वीरांगना होण्याच्या आधीची, वहीपुढे उभी असलेलीच खरी वाटली. आमची आत्या मुकादमाला फसवायची. शेजारणीला आपल्याहून जास्त सुकडी मिळाली म्हणून तिच्याशी महिनाभर बोलली नव्हती. एका पोराला शाळेतून काढून गुरांमागे लावलं आणि दुसऱ्याला ठेवलं, आणि ज्याला काढलं तो अजून तिला ते बोलून दाखवतो. हे सगळं कादंबरीत यायला हवं.

आणि ती वाचणारी बाई आष्टी-पाटोद्याकडची हवी, पुण्याची शुद्ध बोली त्याला चालायची नाही. मी आत्याचं बोलणं आता फोनवर ध्वनिमुद्रित करून ठेवते आहे. तिची हरकत नाही, फक्त दुकानदाराचं नाव घेतलं तिथला तुकडा पुसायला लावला. त्याची नातवंडं अजून गावात आहेत, आणि तो माणूस वाईट नव्हता, म्हणाली. त्याचंही कुठेतरी देणं होतंच.